केमो पेशीला मरायला कशी लावते

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं पहिलं वाक्य बहुधा हे असतं: "आपल्या घराण्यात तर कोणालाच कॅन्सर नाही, मग यांना कसा झाला?" पुढे पहिली केमो होते, दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसायला लागतात आणि दुसरा प्रश्न येतो: "गाठ छातीत, मग केसांचा काय संबंध?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना त्यांची नीट उत्तरं द्यायला सवड नसते, आणि व्हॉट्सॲपवर जी मिळतात ती न मिळालेली बरी.

पहिल्याचं उत्तर असं की कॅन्सर हा जनुकांचा आजार आहे, पण सहसा तो आईवडिलांकडून येत नाही. शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांतच वारशाने आलेलं सदोष जनुक हे मुख्य कारण असतं. बाकीच्यांत बिघाड जन्मानंतर होतो, तोही शरीरातल्या कुठल्यातरी एका पेशीत. तिथून तो त्या पेशीच्या पिलावळीत उतरतो. रुग्णाच्या मुलाबाळांत उतरत नाही, कारण बीजांडात किंवा शुक्राणूत तो नसतोच.

एका अक्षराचा फरक

केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरं. अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. या मजकुरात सुमारे २०,००० जनुकं आहेत, आणि एकेक जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती. पेशी दुभंगण्याआधी हा सगळा मजकूर नव्याने उतरवून काढला जातो. उतरवणारी यंत्रणा आपलं काम तपासत पुढे जाते, चुकलेलं अक्षर काढून बरोबर बसवते. तरीही थोड्या चुका राहून जातातच. बहुतेक अशा जागी पडतात की पेशीला पत्ताही लागत नाही. क्वचित एखादी नको तिथे पडते.

नको तिथे म्हणजे कुठे? १९८२ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींमधलं रास नावाचं जनुक वेगळं काढलं आणि निरोगी पेशीतल्या रासशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. फरक निघाला एका अक्षराचा, जी च्या जागी टी. रासपासून बनणारं प्रथिन बाहेरून आलेला 'वाढ' हा निरोप केंद्रकाकडे पोचवतं आणि काम झालं की स्वतःला बंद करून घेतं. त्या एका अक्षराने प्रथिनाचा बारावा घटक बदलला, ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलं, आणि बंद होण्याची क्षमता गेली. बाहेरून कोणी काही सांगत नसताना आत मात्र 'वाढ, वाढ' हा आदेश चालूच राहिला.

असली जनुकं कुठून बाहेरून येत नाहीत. कोंबड्यांना कॅन्सर देणाऱ्या एका विषाणूतलं जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतून उचललेलं होतं, हे मायकल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवलं. १९८९ चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. म्हणजे कॅन्सरचं सामान आपल्या घरचंच. तीच जनुकं गर्भात आपल्याला वाढवतात, जखम भरून आणतात.

पण रास एकटं बिघडलं म्हणून लगेच कॅन्सर होत नाही. एका सर्वसाधारण कॅन्सरमध्ये खरोखर कारणीभूत असे चार-पाच बिघाड सापडतात; सोबत हजारो निरुपद्रवी चुका असतात, त्या नुसत्या प्रवासी. मोठ्या आतड्यात तर हा क्रम डोळ्यांनी दिसतो: आधी लहानसा कोंब, मग तो मोठा होतो, मग त्याचं रूप बदलतं. प्रत्येक पायरीवर एक नवं जनुक निकामी झालेलं असतं आणि सगळ्याला दहा-दहा वर्षं लागू शकतात. कॅन्सर म्हातारपणी जास्त का, हे यावरून कळतं. चार-पाच नेमके बिघाड एकाच पेशीत जमायला तेवढा काळ जावा लागतो.

दुसरी प्रत

जनुकांचा दुसरा गट वाढ रोखणारा. इथे दोन प्रती असण्याचा फायदा होतो. घराची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली असते ना, तसं: आपली हरवली तरी दार उघडतं, पंचाईत होते ती दोन्ही गेल्यावर. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ मध्ये हे कोणत्याही जनुकाला हात न लावता, केवळ आकडेमोडीने ओळखलं. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमाचे ४८ रुग्ण त्यांनी तपासले. ज्यांच्या घरात हा आजार होता त्या मुलांना तो फार लवकर आणि बरेचदा दोन्ही डोळ्यांत व्हायचा; इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. त्यांनी अनुमान काढलं की पहिल्या गटातल्या मुलांची एक प्रत जन्मतःच बाद असते, त्यामुळे दुसरी जायचाच अवकाश. प्रत्यक्ष जनुक हाती लागायला १९८६ उजाडलं. अनुमान बरोबर होतं.

कॅन्सर 'घराण्यात असणं' म्हणजे खरं तर एवढंच. वारशात आजार येत नाही, एक बाद झालेली प्रत येते. बीआरसीए१ हे जनुक तुटलेला डीएनए जोडतं. त्याची सदोष प्रत घेऊन जन्मलेल्या दहा बायकांपैकी सुमारे सात जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. जोखीम प्रचंड आहे यात वाद नाही. तरी तिघींना होत नाही, हेही तेवढंच खरं.

याच गटातल्या एका जनुकावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण केमोची निम्मी गोष्ट त्याच्यापाशी आहे. त्याचं नाव पी५३. त्याचं प्रथिन १९७९ मध्ये सापडलं आणि पुढची दहा वर्षं शास्त्रज्ञ त्याला चुकीच्या गटात धरून बसले. ते कॅन्सर घडवतं असं सगळ्यांना वाटत होतं, कारण प्रयोगशाळांत जी प्रत फिरत होती तीच बिघडलेली होती! १९८९ मध्ये चूक ध्यानात आली. पी५३ चं काम असं: डीएनए तुटला किंवा दुखावला की ते पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल तर पेशीला मरण्याचा आदेश देतं. मग पेशी स्वतःचा डीएनए तुकडे तुकडे करते, आकसते आणि शेजारच्या पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. ना सूज, ना पू. शास्त्रज्ञ याला अपॉप्टोसिस म्हणतात. आपण पेशीची आत्महत्या म्हणू.

जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३ बिघडलेलं सापडतं. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी असूनही त्याला कॅन्सर कमी होतो, आणि त्याच्याकडे या जनुकाच्या वीस जोड्या असतात, आपल्याकडे एक. हा निव्वळ योगायोग आहे असं फार थोड्या जीवशास्त्रज्ञांना वाटतं.

हे बिघाड करतं कोण? धुराचा तंबाखू हा सर्वांत नीट मोजला गेलेला गुन्हेगार. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० नव्या चुका जमा होतात. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांत धूर नसतो म्हणून ते सौम्य, असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामागे हेच पदार्थ आहेत. आणि नुसती सुपारी, तंबाखूविना, ही देखील कॅन्सरकारक म्हणून जागतिक यादीत आहे. हे सांगितलं की जेवणानंतर पानाचा डबा उघडणारे आजोबा दुखावतात, पण इलाज नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तऱ्हा वेगळी. तिथे पी५३ जनुक बहुधा शाबूत असतं. एचपीव्ही विषाणू आपलं एक प्रथिन सोडून पेशीतलं तयार पी५३ नष्ट करवतो. परिणाम तोच. त्या विषाणूची एकदाच तपासणी केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला दाखवलं ते आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासाने. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

आणि उरलेला वाटा निव्वळ नशिबाचा असतो. अक्षरं उतरवताना झालेली चूक. निर्व्यसनी, शाकाहारी, रोज चालणाऱ्या माणसालाही ती चुकत नाही. "काहीतरी केलं असणार" हा नातेवाइकांचा सूर मला म्हणूनच क्रूर वाटतो.

परळपासून बॉस्टनपर्यंत

आता औषधाकडे. केमोचा इतिहास बहुतेक ठिकाणी पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसपासून सुरू होतो. ते बरोबरच आहे: या वायूने सैनिकांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात हे दिसलं, आणि १९४२ मध्ये येल विद्यापीठात त्याचाच नात्यातला नायट्रोजन मस्टर्ड हा पदार्थ लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णाला दिला गेला. पण दुसरा एक धागा मुंबईच्या गिरणगावातून निघतो आणि तो मला जास्त शिकवणारा वाटतो.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. जंतू सापडले नाहीत. दोष खाण्यात निघाला. आणि उपाय सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे इंग्रज लोक पावाला फासून खातात त्या यीस्टच्या काळ्या, खारट अर्कात! १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. पालेभाज्यांत ते भरपूर असतं.

फॉलिक ॲसिड नसलं की रक्तच का आटतं? कारण डीएनएमधलं टी हे अक्षर बनवायला ते लागतं. टी नाही तर नवा डीएनए नाही, नवा डीएनए नाही तर नवी पेशी नाही. आणि आपला बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार करतो. टंचाईचा पहिला फटका त्यालाच बसणार.

इथून गोष्ट उलटी फिरते. १९४० च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं पाहत होते. त्या काळी त्यावर काहीच नव्हतं. मुलं आठवड्या-महिन्यांत जात. रक्त सुधारतं म्हणून त्यांनी फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली, तर आजार आणखी भडकल्यासारखा वाटला. मग डोक्यात आलं की जे दिल्याने भडकतं, ते हिरावून घेतलं तर? हिरावून घेणारं द्रव्य बनवलं लेडर्ली कंपनीतल्या एल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या ॲमिनोप्टेरिनने फार्बर यांच्या सोळापैकी दहा मुलांत सुधारणा दिसली. जून १९४८ मध्ये तो निबंध छापून आला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. मुलांची सुधारणाही काही महिन्यांचीच होती, पण औषधाने मुलांचा हा रक्ताचा कॅन्सर मागे हटतो हे प्रथम दिसलं होतं.

ॲमिनोप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, आजही रोज वापरात असलेलं. त्याचा रेणू फॉलिक ॲसिडसारखा दिसतो. फॉलिक ॲसिडला कामाजोगं करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) खाचेत तो जाऊन बसतो आणि हलत नाही. पेशी डीएनए उतरवायला बसलेली, टी अक्षर संपलेलं. मोठा डोस दिला तर ठरावीक तासांनी ल्युकोव्होरिन देतात. ते त्या अडलेल्या विकराला वळसा घालून निरोगी पेशींना वाचवतं.

बाकीची औषधं वेगवेगळ्या जागी घाव घालतात. सायक्लोफॉस्फामाइड हे मस्टर्डचं वंशज, ते डीएनएला रासायनिक गाठी मारतं. सिस्प्लाटिनही तेच करतं, पण प्लॅटिनमने. ते सापडलं अपघाताने: १९६० च्या दशकात मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू लांबच लांब वाढले, दुभंगेचनात. वीज बिचारी निर्दोष होती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाने विभाजन अडवलं होतं.

सदाफुली तर आपल्या अंगणात असते. मूळची मादागास्करची. तिच्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिंक्रिस्टिन मिळतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या जोड्या दोन टोकांना ओढून नेणारे प्रथिनांचे बारीक धागे तयार होतात. ही औषधं ते धागे बनूच देत नाहीत. (सदाफुलीची पानं चावून कॅन्सर बरा होत नाही. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिन काढायला शेकडो किलो पाला लागतो, आणि त्याचा डोस एक-दोन मिलिग्रॅमच्या पलीकडे गेला तर जिवावर बेततं.) टॅक्सॉल नेमकं उलटं करतं, धागे बनू देतं पण मोडू देत नाही, पेशी अर्धवट दुभंगलेल्या अवस्थेत अडकते. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून ते वेगळं करणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिका. त्यांनी आणि मनरो वॉल यांनी टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. कॅम्प्टोथेसिन हे दुसरं मोठं द्रव्यही याच जोडीचं. ते एका चिनी झाडात सापडलं, पण आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे आणि त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोड झाली. नंदुरबारच्या शाळांत वाणींचं नाव किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

मरण्याचा निर्णय कोणाचा

एवढी औषधं पाहिली, पण यातल्या एकानेही पेशीला थेट मारलं नाही. कोणी डीएनएला गाठ मारली, कोणी अक्षर पळवलं, कोणी धागे गोठवले. ही सगळी इजा झाली. पुढचं काम पेशीचं. इजा झाल्याचं तिला कळलं पाहिजे, दुरुस्ती जमणार नाही हे उमगलं पाहिजे आणि मग आत्महत्येचा आदेश निघाला पाहिजे. तो आदेश काढणाऱ्यांत प्रमुख पी५३. म्हणजे जे जनुक बिघडल्याने निम्मे कॅन्सर फोफावतात, त्याच्यावरच केमोची बरीचशी भिस्त आहे.

युवराज सिंगचं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीत असेल. २०११ च्या विश्वचषकाचा मानकरी, नंतर दोन फुप्फुसांच्या मधोमध गाठ. ती सेमिनोमा जातीची होती, म्हणजे वृषणात ज्या पेशींपासून कॅन्सर होतो त्याच घराण्यातली. इंडियानापोलिसला केमो झाली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा भारताकडून टी-२० खेळत होता. त्याची जिद्द होतीच, पण जिद्दीने कॅन्सर बरा होतो असं त्यावरून शिकवणं मला पटत नाही. जे बरे होत नाहीत त्यांच्यात जिद्द कमी होती असा त्याचा अर्थ निघतो. या जातीच्या कॅन्सरमध्ये पी५३ सहसा शाबूत असतं. सिस्प्लाटिनने डीएनए दुखावला की या पेशी पटकन मरणाचा रस्ता धरतात. म्हणूनच शरीरभर पसरल्यावरही हा कॅन्सर पाचापैकी सुमारे चार रुग्णांत पूर्ण बरा होतो.

स्वादुपिंडाचा कॅन्सर दुसऱ्या टोकाला. तिथे रास जवळजवळ सगळ्यांत बिघडलेलं, पी५३ बहुतेकांत गेलेलं. औषध पोचतं, इजा होते आणि पेशी ती इजा अंगावर घेऊन तशीच पुढे चालते. सगळं इतकं सरळ नसतं हे खरं. गाठीभोवतीच्या घट्ट जाळ्यातून औषध आत शिरायला कठीण जातं, काही पेशी औषध बाहेर फेकतात, आणि टॅक्सॉलसारखी औषधं पी५३ नसतानाही बऱ्यापैकी चालतात. तरी 'एकच औषध, यांना लागू पडलं, आम्हाला का नाही' याचा पहिला शोध जनुकांतच घ्यावा लागतो.

बीआरसीएच्या रुग्णांत तर बिघाडच उपयोगी पडतो. ज्या जनुकाअभावी तुटलेला डीएनए जोडता आला नाही आणि कॅन्सर झाला, त्याच्याचअभावी गाठीतल्या पेशींना सिस्प्लाटिनने डीएनएला मारलेल्या गाठीही सोडवता येत नाहीत. रुग्णाच्या इतर पेशींत दुसरी, चांगली प्रत असते, त्या तगतात. ओलापारिबसारख्या गोळ्या याच फटीत बोट घालतात. मोठ्या इस्पितळात हल्ली बायोप्सीबरोबर जनुकांची तपासणी सांगतात ती यासाठी. तपासणी महाग असते, पण उपचार ठरायच्या आधी "या रिपोर्टने औषध बदलणार आहे का?" एवढं विचारायला हरकत नसावी.

केस, तोंड, काउंट

केमोच्या औषधाला गाठ ओळखू येत नाही. सलाईनमधून ते रक्तात मिसळतं आणि सगळीकडे जातं. ज्या पेशी सतत दुभंगताहेत त्या त्याच्या तावडीत सापडतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, बोन मॅरो हे तिन्ही त्यात येतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) पडतो. मुळं शाबूत राहतात, त्यामुळे केस परत येतात. कधी कुरळे येतात, त्याची घरात थट्टा होते.

सगळे त्रास या कारणाने नसतात. उलटीचा संबंध दुभंगण्याशी नाही: औषधाने आतड्यातल्या विशिष्ट पेशींतून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि मेंदूच्या उलटी-केंद्राला इशारा जातो. तो इशारा अडवणारं ओन्डान्सेट्रॉन १९९० च्या सुमारास आलं आणि केमोचं रूपच पालटलं. जुन्या लोकांनी केमोबद्दल जे भयंकर ऐकलेलं असतं ते बरेचदा त्याआधीचं असतं. टॅक्सॉल किंवा व्हिंक्रिस्टिनने हातापायाला मुंग्या येतात, बटण लावता येत नाही. चेतापेशी तर दुभंगत नाहीत, मग हे कसं? ज्या धाग्यांनी गुणसूत्रं ओढली जातात, तसल्याच धाग्यांवरून चेतापेशी आपला माल पाठीच्या कण्यापासून बोटांच्या टोकापर्यंत वाहून नेते. धागे बिघडले की सर्वांत लांबचा टप्पा आधी बंद पडतो. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाचा भार हृदयावर पडतो, म्हणून त्याचा आयुष्यभराचा एकूण डोस मोजून ठेवतात. जुने कागद जपून ठेवा म्हणतात ते उगाच नाही.

यातला सर्वांत धोक्याचा त्रास दिसत नाही, तो काउंटचा. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नसते. रात्री दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठायचं. लढायला पेशीच नसल्याने जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि ताप हे बरेचदा त्याचं एकमेव लक्षण असतं.

बोन मॅरो सावरायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून अनेक सायकल्स (केमोच्या फेऱ्या) २१ दिवसांच्या. पण इतक्या का? एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळ हिशोबाने १०० कोटी पेशी असतात. समजा एका डोसने ९९.९ टक्के मेल्या. उरल्या दहा लाख. दुसऱ्याने त्यातल्याही ९९.९ टक्के, उरल्या हजार. प्रत्येक डोस ठरावीक संख्या मारत नाही, ठरावीक वाटा मारतो, आणि मधल्या तीन आठवड्यांत उरलेल्या पुन्हा वाढतात. दहा लाख पेशी स्कॅनवर दिसत नाहीत. "दोन सायकल्समध्ये गाठ गेली, मग आणखी चार कशाला?" याचं उत्तर हे आहे. मिन चिऊ ली या डॉक्टरांनी १९५६ पासून वारेच्या पेशींच्या कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट अशाच चिकाटीने दिलं. गाठ दिसेनाशी झाल्यावरही रक्तातलं एक संप्रेरक शून्यावर येईपर्यंत ते थांबले नाहीत. त्यापायी त्यांची नोकरी गेली. त्यांचे रुग्ण बरे झाले.

एकाच वेळी तीन-चार औषधं देण्यामागेही जनुकंच. कॅन्सरच्या पेशी दुभंगताना चुका करतच राहतात, त्यामुळे कोट्यवधींत एखादी अशी निघते की तिला अमुक औषध लागू पडत नाही. बाकीच्या मेल्या की रान तिलाच मोकळं. वेगवेगळ्या जागी घाव घालणारी औषधं एकत्र दिली, तर सगळ्यांना एकदम चुकवणारी पेशी सापडणं दुरापास्त. फार्बर यांच्या मुलांत जी सुधारणा महिन्यांत ओसरली, तोच आजार आज सधन देशांत दहापैकी नऊ मुलांत बरा होतो. त्यात अशा मिश्रणांचा वाटा मोठा आहे. नेमक्या बिघाडावर बसणाऱ्या नव्या औषधांचीही यातून सुटका नाही. इमॅटिनिब २००१ मध्ये आलं आणि रक्ताच्या एका कॅन्सरचं गोळ्या घेऊन जगता येण्याजोग्या आजारात रूपांतर झालं. पण काही रुग्णांत त्या प्रथिनाचा एकच घटक बदलतो आणि गोळी बसायची जागाच बुजते.

नवं काही आलं की 'आता केमोची गरज नाही' अशा बातम्या येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या कार-टी पेशींच्या उपचाराला भारतात परवानगी मिळाली तेव्हाही आल्या. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकात भर घालून परत सोडतात. त्या नव्या पेशींना आत जागा व्हावी म्हणून रुग्णाला आधी दोन-तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची केमो दिली जाते.